गावातला बोलणारा मीटर

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी मला विजेविषयी लिहावयास सांगितले, तेव्हा माझ्या परिचितांपैकी दोघांनी हसू लपवले आणि तिसऱ्याने ते लपवण्याचेही कष्ट घेतले नाहीत. वीज हा अभियंत्यांचा विषय आहे, असे त्यांचे म्हणणे. माझे म्हणणे असे की, वीज कुठून येते याचे ज्ञान अभियंत्यांना असेल. ती कुठे कुठे येत नाही याचे ज्ञान या तालुक्यात माझ्याइतके कोणास असेल, असे मला वाटत नाही.

चामोर्शीच्या तहसील कार्यालयाच्या कुंपणाला लागून, टिनाच्या एका पत्र्याखाली मी अठ्ठावीस वर्षे बसतो आहे. लोक मला रायटरभाऊ म्हणतात. मी स्वतःस अर्जनवीस म्हणवतो. माझे शालेय शिक्षण नववीपाशी थांबले. पुढचे सारे शिक्षण कार्यालयांच्या पायऱ्यांवर झाले, आणि ते कमी पडल्याचे आजवर कोणी मला लेखी कळवलेले नाही.

या व्यवसायाविषयी बाहेरच्या वाचकांस थोडे सांगितले पाहिजे. माणूस येतो, उभ्यानेच सांगू लागतो, आणि शेवटापासून सांगतो. आधी शिव्या, मग आजारपण, मग भावकी, आणि सर्वांत शेवटी मूळ गाऱ्हाणे. त्या गुंत्यातून एक धागा काढून तो कागदावर सरळ मांडणे, हे आमचे काम. मला ही विद्या देणारे माझे उस्ताद एक गोष्ट नेहमी बजावत. सामूहिक अर्ज असेल, तर माथ्यावर गावातले सर्वांत वजनदार नाव घालावे आणि त्याखाली ‘व इतर समस्त ग्रामस्थ’ असे लिहावे. साहेब पहिले नाव वाचतो आणि अंगठ्यांचे पान उलटत नाही. ज्याचे नाव वर घालायचे त्यास विचारण्याचीही पद्धत नव्हती. गावाच्या वतीने आपले नाव वापरले जाते, हे त्यास ठाऊक असे आणि ते त्यास आवडतही असे. हा नियम मी अठ्ठावीस वर्षे पाळला. या लेखात पुढे त्याचेच काय झाले ते सांगायचे आहे.

आमच्या तरुणपणीची वीज सरळ स्वभावाची होती. चंद्रपूरला कोळसा जळे, तेथून वीज उंच मनोऱ्यांवरून निघे, उपकेंद्रात उतरे, तेथून खांबांवरून गावच्या डीपीत, म्हणजे रोहित्रात, येई आणि डीपीतून घराघरांत जाई. प्रवास एकाच दिशेचा. त्या वाटेने परत काहीच जात नसे. एखाद्या टोल्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या वाडीवर, वीज गेली, तर वीज पाठवणाऱ्यास ते कळण्याची सोयच नव्हती. कोणी सायकलवर बसून लाइनमनला गाठी, नाहीतर माझ्याकडे येऊन अर्ज लिहवून घेई. अंधाराची वार्ता उलट दिशेने नेणारी तार या तालुक्यापुरती मी होतो, असे म्हणण्यात कोणास अहंकार दिसला तर दिसो. त्या काळी मी लिहिलेला अर्ज वाया गेल्याचे मला आठवत नाही. उशीर होई, क्वचित ऋतू बदले. परंतु वाया जात नसे.

त्या दिवसांतला लाइनमन देवाजीभाऊ. अंगाने काटक, खांद्यावर दोर, कमरेला पकड. एका गावाने त्याच्याविरुद्ध अर्ज लिहवून घेतला की, बांबूचे बेट तारांवर कलले आहे आणि सदर कर्मचारी आठ दिवस फिरकला नाही. मी अर्ज असा लिहिला की वाचून माझेच डोळे भरून आले. चौथ्या दिवशी देवाजीभाऊ माझ्या मेजासमोर उभा राहिला. हातात खुलाशाची नोटीस.

“रायटरभाऊ, हे अक्षर तुमचंच हाय ना?”

“माझेच आहे.”

“मंग आता याचं उत्तरबी तुम्हीच लिवा. मले कुठी येते असं रडाले!”

मी उत्तरही लिहिले. दोन्ही कागद एकाच साहेबांसमोर गेले. साहेबांनी म्हणे दोन्ही शेजारी ठेवून पाहिले आणि विचारले, हा भांडणारा एकच माणूस आहे काय? देवाजीची नोकरी राहिली, बांबू तोडले गेले, आणि त्यानंतर तो वाटेने जाताना माझ्याकडे थांबू लागला. विजेविषयी मला जे कळते त्यातले बरेच त्याचे आहे. डीपीतून तीन तारा निघतात, त्यांना फेज म्हणतात, आणि घरे त्या तिन्हींवर वाटलेली असतात, हे त्यानेच सांगितले. “म्हून एकाच्या घरी लख्ख अन् शेजारच्याच्या घरी मिणमिण. भूत नाई, फेज हाय.” हे मला आधी कळते, तर शेजाऱ्याच्या दिव्याचा उजेड आपल्या दिव्याने चोरला जातो असा अर्ज घेऊन आलेल्या एका गृहस्थास मी इतक्या गंभीरपणे तीन पाने लिहून दिली नसती.

मग नवे मीटर आले. स्मार्ट मीटर. ते बसवायला माणसे गावोगाव फिरू लागली आणि माझ्या टिनाखाली गर्दी झाली. प्रत्येकास हरकतीचा अर्ज हवा होता. मी एक नमुना तयार केला आणि नाव बदलून तोच लिहीत राहिलो. हे मीटर म्हणजे नेमके काय, हे मी कोणास विचारले नाही. विचारणे माझ्या पदास शोभले नसते. मीटर मात्र बसले. हरकती कुठल्या फायलीत आहेत, हे मला आजही ठाऊक नाही.

हे सारे झाल्यावर, दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात, बाजाराच्या दिवशी हळदीटोल्याची सोनीबाई माझ्याकडे आली.

हळदीटोला म्हणजे नाल्यापलीकडची एकोणीस घरे. नाल्याच्या अलीकडे, सडकेला लागून, मोठी वस्ती आहे. पलीकडे जंगल सुरू होते आणि जंगलात हा टोला. माणसे गोंड, शेती थोडी, मोहफूल-डिंक-तेंदूपत्ता जास्त, आणि कोंबडी प्रत्येक दारात. सोनीबाई तिथल्या बचत गटाची अध्यक्ष. चाळिशीची, बोलणे बेताचे. गटाला कुठल्याशा योजनेतून अंडी उबवण्याचे यंत्र मिळाले होते. कपाटाएवढी पेटी, आत तापणारी कांडी, वर आकडा दाखवणारी काच. टोल्यातल्या एकोणीस घरांनी मिळून नव्वद अंडी त्यात ठेवली होती. कोणाची किती हे विसरू नये म्हणून प्रत्येक अंड्यावर कोळशाने घराची खूण केलेली. पिले निघाली तर गटाला आणखी दोन यंत्रे मिळायची होती. न निघाली तर हेही परत जायचे होते.

“लाइन पडून राह्यली, भाऊ,” ती म्हणाली. “असते, पण ताकद नाई. मशीन गरमच होत नाई. काचेवर सदतीस पायजे, तेतीसवर येऊन थांबते.”

“किती दिवस झाले?”

“अंडे ठेवून आज पाचवा. एकवीस दिवसाची गोष्ट हाय. अंडे काई तारीख वाढवून देत नाई.”

मी कागद पुढे ओढला आणि माथ्यावर माजी सरपंचांचे, श्रीहरीभाऊंचे नाव लिहिले. श्रीहरीभाऊ मोठ्या वस्तीत सडकेवर राहतात. हल्ली अर्जावर ग्राहक क्रमांकाची एक चौकट असते. त्यांचा क्रमांक माझ्या वहीत होताच, तो मी चौकटीत भरला.

सोनीबाईने वाकून पाहिले. तिला वाचता येते, हे मी ध्यानात घेतले नव्हते.

“त्यायच्या घरी त लाइन बराबर हाय, भाऊ.”

“बाई, अर्ज कसा लिहायचा हे मला ठरवू द्या. हे नाव वाचले की साहेब खुर्चीवरून उठतात.”

“उठते, अन् मंग बसतेबी,” ती म्हणाली. तरी अंगठ्यांचे पान तिने घडीतून काढून दिले.

जाताना ती थांबली. “टोल्यात आता अकरा कोंबड्या खुडूक बसल्या हायेत. अंडे काढून त्यायच्याखाली देऊ का? सगळे मावते.”

वाचकांपैकी ज्यांनी कोंबड्या पाळल्या नसतील त्यांच्यासाठी सांगतो. अंडी देणे थांबवून कोंबडी उबवायला बसते, तिला खुडूक म्हणतात. तशी ती बसली की हलत नाही. कोणाचीही अंडी तिच्याखाली सरकवा, ती आपली मानते. मालकाला मात्र तिच्याकडून पुन्हा अंडी हवी असतात, म्हणून बायका तिला नाल्याच्या थंड पाण्यात दोन-तीनदा बुडवतात आणि तिची खुडूक मोडतात.

मी सोनीबाईस म्हणालो, “अर्ज दिला आहे ना? तीन दिवसांत लाइन सुधारेल. अंडी हलवू नका. यंत्राची योजना आहे. अंडी कोंबड्यांखाली दिलीत तर यंत्र चालले नाही असे कागदावर येईल.”

हे वाक्य मी उच्चारले. ते मी येथे जसेच्या तसे लिहीत आहे.

दोन दिवसांनी श्रीहरीभाऊंचा फोन आला. “काहो रायटर, माह्या नावानं तक्रार केली का तुम्ही? मोबाइलवर आलं, तुमच्या तक्रारीचं निवारण झालं म्हणून. माह्याकडं त फ्रीज, मोटार, सगळं चालू हाय. कशाचं निवारण झालं?”

मी त्यांना समजावले आणि त्याहून मोठा अर्ज गडचिरोलीच्या वरिष्ठ कार्यालयास लिहिला. ‘जनतेच्या संयमाचा अंत’ हे शब्द मी वर्षातून एकदाच वापरतो, ते वापरले. माथ्यावर तेच नाव, चौकटीत तोच क्रमांक. तोही अर्ज दोन दिवसांत बंद झाला. तेच निवारण, श्रीहरीभाऊंचा तोच फोन. फक्त या वेळी त्यांनी ‘रायटर’ याच्या आधी एक शब्द जोडला, तो मी वगळतो.

तेराव्या दिवशी सोनीबाई पुन्हा आली. बाजाराचा दिवस नव्हता. ती पायी सडकेपर्यंत आणि तेथून काळीपिवळीने आली होती.

“काई झालं, भाऊ?”

माझा अर्ज कोणी वाचला नाही, याचे मला जे दुःख झाले ते त्या क्षणी तिच्या अंड्यांच्या दुःखापेक्षा मोठे होते, हे आज कबूल करतो. मी मेज आवरले आणि तिला घेऊन वीज कार्यालयात गेलो. अर्जनवीसाने अर्जामागे स्वतः जाऊ नये, असाही उस्तादांचा एक नियम होता. तोही त्या दिवशी मोडला.

तेथे कनिष्ठ अभियंता रामटेके मॅडम होत्या. बल्लारपूरच्या; वडील तेथील कागद कारखान्यात होते. माझे दोन्ही अर्ज मागवून त्यांनी शांतपणे वाचले. दोन्ही, शेवटपर्यंत. असे मी फार थोड्यांना करताना पाहिले आहे.

“भाषा छान आहे,” त्या म्हणाल्या. “पण चौकटीत क्रमांक कोणाचा आहे?”

“माजी सरपंचांचा. गावाच्या वतीने.”

त्यांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. “बघा. या मीटरला काल दोनशे तीस व्होल्ट. परवा दोनशे एकतीस. आज सकाळी तेवढेच. तक्रार आली की प्रणाली आधी त्या मीटरला विचारते. मीटर म्हणाला, सगळं ठीक आहे. तक्रार आपोआप बंद. माणसापर्यंत ती आलीच नाही.”

मी विचारले, “पण बाकीची घरे?”

पडद्यावर गावाचा नकाशा आला. सडकेला लागून हिरवे ठिपके, नाल्यापलीकडे राखाडी.

“हे राखाडी काय हाय, बाई?” सोनीबाईने विचारले.

“तो तुमचा टोला, मावशी. प्रत्येक मीटरमध्ये मोबाइलसारखं सिम असतं. त्यावरून तो आपली हालत कळवतो. तुमच्याकडे टॉवरची रेंज नाही. मीटर आत सगळं लिहून ठेवतो, पण कळवू शकत नाही. राखाडी म्हणजे आम्हाला माहीत नाही. पण कामाच्या गडबडीत आम्ही ते ‘तक्रार नाही’ असंच वाचतो.”

मग त्यांनी माझ्याच अर्जाच्या कोऱ्या पाठीवर पेनने आकृती काढली. माझ्या अर्जाची पाठ पुढच्या बाजूपेक्षा जास्त उपयोगी पडण्याची ती पहिली वेळ. एका टोकाला चिमणी, तेथून निघणारी बाणांची रांग, शेवटी घर. ही विजेची जुनी जाळी, म्हणजे ग्रिड. वीज मोठ्या केंद्रातून निघते आणि खाली वाहत येते. खाली काय चालले आहे हे वरच्याला दिसत नाही. कोणी येऊन सांगेल तेव्हा कळते, लाइनमन फिरून दोष शोधतो. मग त्यांनी दुसरी आकृती काढली. तिच्यात बाण दोन्ही दिशांना होते. घरांच्या छपरावर सोलर, ते दिवसा उरलेली वीज उलट जाळीत देतात, आणि मीटर आलेली व गेलेली दोन्ही मोजतो. विजेबरोबर वार्ताही धावते. कुठे दाब पडला, कुठे तार तुटली, हे मीटर स्वतः सांगतात. काही ठिकाणी तर दोषाचा तुकडा आपोआप वेगळा पडून बाकीच्या गावाला दुसऱ्या बाजूने वीज मिळते. कोणी अर्ज करावा लागत नाही.

“म्हणजे माझ्यासारख्यांची गरज उरत नाही,” मी म्हणालो.

“जिथं मीटर बोलतो तिथं नाही उरत,” त्या म्हणाल्या. त्यांनी ते लागेल असे म्हटले नाही, पण लागले.

सोनीबाई त्या दोन्ही आकृत्या बराच वेळ पाहत होती.

“मंग यात नवं काय हाय?” ती म्हणाली. “गावात पह्यलेबी श्रीहरीभाऊच बोलत होते. आता त्यायचा मीटर बोलते.” आणि माझ्याकडे न पाहता, “अन् रायटरभाऊनंबी त्यायचंच नाव लिवलं.”

खोलीत पंखा फिरत होता. हिवाळ्यात तो कोणी लावला होता कोण जाणे.

मॅडमनी उपाय सांगितला, तो इतका साधा होता की मला लाज वाटली. टोल्यातल्या प्रत्येक घराची वेगळी तक्रार, ज्याच्या त्याच्या मीटरच्या क्रमांकावर. दोन ओळींत. मीटरचे बटण दाबले की काचेवर व्होल्ट दिसतात, तो आकडा लिहायचा. मीटर कळवत नसेल, तर त्याचे म्हणणे माणसाने आणून द्यायचे. “मी सकाळी स्वतः नोंदवते. टोल्याला एकच फेज जाते; तिच्यावर एकोणीस तक्रारी दिसल्या की बंद करणं कोणाच्या हातात राहणार नाही.”

क्रमांक मीटरवर आणि मीटर टोल्यावर. जाणे भाग होते. बाहेर देवाजीभाऊ भेटला. आता केस पांढरे, निवृत्तीला काही महिने. त्याच्या मोटारसायकलवर आम्ही तिघे बसलो, हे नियमात नाही. परंतु त्या दिवशी नियमांची स्थिती बरी नव्हती.

अठ्ठावीस वर्षांत मी ज्या गावांचे अर्ज लिहिले त्यांतले एकही गाव अर्जासाठी पाहिले नव्हते. हळदीटोल्याविषयी पूर्वी एका अर्जात ‘घनदाट अरण्याने वेढलेली, मूलभूत सुविधांपासून वंचित’ असे मी लिहिले होते. प्रत्यक्षात अंगणे सारवलेली होती, भिंतींना पांढरी माती होती, आणि एका म्हातारीने मला पाहून सोनीबाईस गोंडीत काही विचारले, त्यावर सगळ्या बायका हसल्या. अर्थ मी विचारला नाही.

नाल्याजवळच्या खांबाखाली देवाजी थांबला. मान वर करून त्याने क्षणभर पाहिले.

“तो पाहा, सांधा. तिथी तार काळी पडली. जळून जळून कार्बन धरला त्यानं. करंट जाते, पण गाळून जाते.”

“मग नीट कर ना, भाऊ! वर चढ!”

“चढतो कसा? लाइन बंद कराले उपकेंद्राचं परमिट लागते. परमिटाले तक्रार लागते. अन् तुमची तक्रार बंद हाय.” त्याने तंबाखू चोळली. “पह्यले मी फोनबी नाई करत होतो, एक आवाज देत होतो, अन् तिकडून लाइन बंद होत होती. आता मले दिसते, पण संगणकाले दिसल्याबिगर मी हात नाई लावू शकत. चढलो अन् तिकडून कोणी चालू केली, त मरतो मी.”

त्याचे बरोबर होते. खाली उभे राहून आम्ही तो काळा सांधा पाहिला आणि पुढे निघालो.

यंत्र गटाच्या खोलीत होते. त्याला गोधडी गुंडाळलेली, बाजूला शेगडीत निखारे. सोनीबाईने दार उघडले. आत मला मोजकीच अंडी दिसली.

“बाकीची कुठे?”

“परवाच काढले. नाई थांबलो मंग. पण आता कोंबड्या सातच उरल्या.”

“अकरा होत्या ना?”

तिच्याऐवजी दारातली म्हातारी बोलली, या वेळी मराठीत, मला कळावे म्हणून. “तुम्हीच त म्हणले, अंडे हलवू नोका. मंग खुडूक कोंबड्या कायले बसवून ठेवतो? चौघीयले बुडवलं नाल्यात.”

सात कोंबड्यांखाली प्रत्येकी दहा. सत्तर. वीस उरली होती, आणि कोणाची ठेवायची हे सोनीबाईने ठरवले होते. यंत्रातल्या प्रत्येक अंड्यावर कोळशाचे एकच चिन्ह होते, लहानसे गोल, मध्ये टिंब. ते तिच्या घरचे.

तिने एक अंडे माझ्या मोबाइलच्या उजेडावर धरले. आत तांबड्या शिरा कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरल्या होत्या आणि मधोमध एक काळा ठिपका किंचित हलत होता.

“जितं हाय,” ती म्हणाली. “अजून.”

मी घरोघर गेलो. सोनीबाई बटण दाबी, मी आकडा लिही. कुठे एकशे चाळीस, कुठे एकशे बत्तीस. एकोणीस कागद. ‘आमच्या घरी व्होल्टेज कमी आहे. मीटरवर आज एवढे दिसले.’ खाली नाव, सही किंवा अंगठा. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत दरिद्री लेखन होते. एकाही कागदात ‘सविनय’ नव्हते. नाव विचारले की म्हातारे दोनदा सांगत, कारण वर आपलेच नाव लिहिले जाते आहे यावर त्यांचा पहिल्यांदा विश्वास बसत नव्हता.

चौदाव्या दिवशी सकाळी मॅडमनी एकोणीस तक्रारी नोंदवल्या. दुपारी परमिट मिळाले. देवाजी खांबावर चढला, काळा तुकडा कापून नवा सांधा बांधला आणि जळका तुकडा माझ्यासाठी खिशात घालून आणला. तो माझ्या मेजावर कागद उडू नयेत म्हणून आजही ठेवलेला आहे.

एकविसाव्या दिवशी मी टोल्यावर गेलो. मला कोणी बोलावले नव्हते.

प्रत्येक अंगणात टोपलीखाली चिवचिवाट होता. सत्तरांतली साठाच्या वर निघाली होती. गटाच्या खोलीत सोनीबाई यंत्राजवळ बसली होती. गोधडी काढलेली, काच पुसलेली, आत दिवा स्वच्छ, आणि काचेवर सदतीस. एक अंश इकडे नाही, एक अंश तिकडे नाही. वीज इतकी नीट मी कधी पाहिली नव्हती. वीसही अंडी होती तशीच होती.

तिने एक उचलून पुन्हा उजेडावर धरले. आत हलणारे काही नव्हते, सारे काळे होते.

“बाई, माझ्या सांगण्यामुळे...” मी म्हणालो. पुढचे वाक्य मला सुचले नाही. मी लोकांसाठी क्षमेचे अर्ज पुष्कळ लिहिले आहेत.

“अंडे मले उचलू लागा,” ती म्हणाली. आम्ही ती वीस अंडी एका टोपलीत भरली. मग तिने कोपऱ्यातली चटई झटकून मला बसायला दिली. “कागद आणला का?”

मला वाटले, तिला नुकसानीचा अर्ज हवा आहे. त्याचा उत्तम नमुना माझ्याकडे आहे; मी तसे म्हणालोही.

“तो नोका. दुसरं लिवा. या मशीनवर चिपकवाचं हाय. कोणाच्या घरी खुडूक कोंबडी हाय, ते. मशीन राह्यली अन् पुढच्या बारीले लाइन गेली, त कोणाले इचारत बसाचं नाई. कागद पाहाचा अन् अंडे उचलून चालू लागाचं. अन् मशीन भरली की कोणी कोंबडी बुडवाची नाई, हेबी लिवा.”

मी पेन उघडले. ती माझ्या हाताकडे पाहत होती.

“वरतं कोणाचं नाव घालता?”

“कोणाचेच नाही,” मी म्हणालो. “नाल्यापासून ज्या क्रमाने घरे लागतात त्या क्रमाने लिहितो.”

ती सांगू लागली, मी लिहू लागलो. एव्हाना दारात बायका जमल्या होत्या आणि दुरुस्त्या सुचवत होत्या. पहिल्या घरी एक. दुसऱ्या घरी नाही. तिसऱ्या घरी एक.

“तिसऱ्या घरची टोचते,” म्हातारी म्हणाली. “तसं लिवा. नाईतर रात-अंधारी हात घालन कोणी.”

“तसं लिवा, भाऊ,” सोनीबाई म्हणाली.

मी लिहिले: टोचते.